कोरियन व्हरायटी शो बघायचेत? शो कोणता, भाग कोणता आणि सबटायटल कोणतं, हे आधी ठरवा

कोरियन ड्रामा आता कुणाला समजावून सांगायची गरज उरलेली नाही. प्रत्येक मित्रमंडळात निदान एक जण तरी रात्री दोनला 'हा शेवटचाच भाग' म्हणत जागा असतो. पण ड्रामा बघणारे बरेच जण कोरियन व्हरायटी शोपर्यंत पोहोचत नाहीत, आणि जे पोहोचतात त्यातले कितीतरी पहिल्याच भागात परत फिरतात. क्रम साधारण ठरलेला असतो. 'व्हिन्सेन्झो'मध्ये सूट घालून थंड डोक्याने माणसं संपवणारा साँग जूंग-की एका जुन्या क्लिपमध्ये पाठीवर नावाची पट्टी लावून जीव खाऊन पळताना दिसतो. हसू येतं. शोचं नाव कळतं, 'रनिंग मॅन'. मग पूर्ण भाग लावला जातो. पडद्यावर सात-आठ लोक एकदम बोलतायत, चारी बाजूंनी रंगीत अक्षरं उडतायत, खालचं इंग्रजी सबटायटल अर्धंच येतंय, आणि सगळे ज्या गोष्टीवर लोळून हसतायत ती आपल्याला कळलेलीच नाही. पंधराव्या मिनिटाला बंद.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि आजवर ऑफिसमधल्या पाच-सहा जणांना या शोची सवय लावली आहे. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते: अडचण कोरियन भाषेची नसते. चुकीचा शो, चुकीचा भाग आणि चुकीचं सबटायटल, ही ती अडचण. तिन्ही गोष्टी पाच मिनिटांत दुरुस्त होतात. उलट भाषेच्या बाबतीत मराठी प्रेक्षक इंग्रजी प्रेक्षकापेक्षा जरा पुढेच असतो. ते कसं, ते खाली येईलच.

हा प्रकार नक्की काय असतो

कोरियनमध्ये याला 'येनुंग' म्हणतात. आपल्याकडचं जवळचं उदाहरण शोधायला गेलं तर पंचाईत होते. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' किंवा 'चला हवा येऊ द्या' यात स्किट लिहिलेलं असतं, कलाकार ते सादर करतात. 'बिग बॉस'मध्ये माणसं कोंडून भांडणं होऊ दिली जातात. येनुंग या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतं. एक ठरलेली टोळी असते, तीच माणसं आठवड्यामागून आठवडे, कधी कधी वर्षानुवर्षं एकत्र असतात. दर भागात त्यांना काहीतरी काम दिलं जातं. बेटावर जाऊन तीन वेळचं जेवण बनवा, शहरभर पळून एकमेकांच्या पाठीवरची पट्टी फाडा, खेळ जिंकलात तर रात्री खोलीत झोपा आणि हरलात तर तंबूत. कामाची चौकट ठरलेली, विनोद मात्र त्या माणसांच्या आपसातल्या वागण्यातून निघतो.

आज आपण जो प्रकार बघतो त्याची घडी बसवण्याचं श्रेय बहुतेक जण एमबीसी वाहिनीच्या 'इन्फिनिट चॅलेंज'ला देतात. तो २००५ ते २०१८ असा चालला. त्यातला यू जे-सक हा माणूस तुम्हाला पुढे जागोजागी भेटेल. कोरियात त्याला 'राष्ट्राचा एमसी' म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. केबीएसचा '२ डेज १ नाइट' २००७ मध्ये आला, एसबीएसचा 'रनिंग मॅन' जुलै २०१० मध्ये. हे दोन्ही अजून चालू आहेत, माणसं बदलत गेली एवढंच.

दुसरं लक्षात ठेवायचं नाव ना यंग-सक. हा पीडी, म्हणजे निर्माता-दिग्दर्शक. आपल्याकडे दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे असतो. इथे तो कॅमेऱ्यात येतो, कलाकारांशी घासाघीस करतो, शिक्षा सुनावतो आणि अधूनमधून स्वतःच फसतो. '२ डेज १ नाइट' करून २०१३ मध्ये तो केबीएस सोडून केबल वाहिनीच्या बाजूला गेला आणि तिथे त्याने 'ग्रँडपाज ओव्हर फ्लॉवर्स', 'थ्री मील्स अ डे', 'न्यू जर्नी टू द वेस्ट' असे एकामागून एक शो दिले. चाहते त्याला 'ना पीडी' म्हणतात. त्याचं नाव दिसलं की तो शो सुरुवातीला बघायला बहुधा चालतो, असा माझा सरळ हिशोब आहे.

पडद्यावर उडणारी अक्षरं

पहिला धक्का इथे बसतो. कुणी गोंधळला की डोक्यावर तीन टिंबं, कुणी खोटं बोललं की बाजूला खवचट वाक्य, कुणी पडला तर 'धप्प' असं लिहिलेलं. याला 'जामाक' म्हणतात. ही पद्धत १९९० च्या दशकात जपानी टीव्हीवरून कोरियात आली आणि तिथे इतकी रुजली की आता ती स्वतःच एक पात्र झाली आहे. एडिट करणारी टीम या अक्षरांतून टोमणे मारते, सहा महिन्यांपूर्वीच्या भागाची आठवण काढते, कलाकाराच्या मनातलं वाक्य आपल्या पदरचं लिहून टाकते. बऱ्याचदा अर्धा विनोद बोलण्यात आणि अर्धा या अक्षरांत असतो.

आता तांत्रिक भाग, कारण खरी गोम इथेच आहे.

व्हिडिओवर अक्षरं दोन प्रकारे येतात. एक, चित्रातच भाजलेली. ती व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेमचा भाग असतात. बंद करता येत नाहीत, भाषा बदलता येत नाही. जामाक असंच असतं. दुसरा प्रकार वेगळ्या फाइलचा. ही फाइल उघडून बघितली तर आत अगदी साधा मजकूर असतो: ४ मिनिटं १२ सेकंद ते ४ मिनिटं १५ सेकंद, 'पळ, तो आला!' बस्स. फोनचा प्लेअर ती वेळ बघतो आणि त्या क्षणी ते वाक्य चित्रावर स्वतः रंगवतो. म्हणून हे सबटायटल चालू-बंद करता येतं, अक्षर मोठं करता येतं, भाषा बदलता येते.

आता भाषांतरकाराच्या जागी बसून बघा. पडद्यावर चार माणसं एकदम बोलतायत, शिवाय जामाकची दोन वाक्यं आहेत. खाली जागा दोन ओळींची आणि वेळ तीन सेकंदांची. काहीतरी गाळावंच लागतं. चांगला भाषांतरकार जामाकसुद्धा भाषांतरित करतो, ते वर किंवा चौकटी कंसात देतो. घाईत केलेल्या कामात फक्त बोलणं येतं, आणि मग सगळे का हसतायत हे आपल्याला कळत नाही.

यूट्यूबचं आपोआप तयार होणारं सबटायटल तर याहून पांगळं. ते आधी आवाज ऐकून कोरियन मजकूर बनवतं, मग त्या मजकुराचं भाषांतर करतं. पहिली पायरी सात जणांच्या आरडाओरड्यात घसरते. चित्रातली अक्षरं तर त्याला दिसतच नाहीत, कारण ते फक्त ऐकतं. आणि शब्दखेळ आला की संपलंच. कोरियनमध्ये 'पे' या एकाच शब्दाचा अर्थ नासपती, होडी आणि पोट असा तिन्ही होतो. 'नून' म्हणजे डोळा आणि बर्फसुद्धा. यावर कोट्या होणारच, आणि मशीन त्यातला एक अर्थ उचलून मोकळं होतं.

ऑटो-ट्रान्सलेटच्या यादीत मराठी दिसतं म्हणून बरेच जण ते लावतात. गंमत म्हणून एकदा लावून बघा. कोरियनमध्ये क्रियापदाला लिंग नसतं आणि वाक्यातला कर्ता सर्रास गाळलेला असतो. मराठीत मात्र 'मी गेलो' की 'मी गेले' हे ठरवल्याशिवाय वाक्यच बनत नाही. मशीन अंदाज बांधतं. मग दंडाच्या बेटकुळ्या शर्टात न मावणारा किम जाँग-कूक 'मी दमले' म्हणतो. विषय काय चाललाय हे कळण्यापुरतं ते ठीक आहे, त्याहून जास्त अपेक्षा नको.

तर नियम सोपा. यूट्यूबवर सबटायटलच्या यादीत 'ऑटो-जनरेटेड' असं लिहिलेलं नसेल असं इंग्रजी निवडा. ते माणसाने केलेलं किंवा निदान तपासलेलं असण्याची शक्यता जास्त. नेटफ्लिक्सवर आवाज मूळ कोरियनच ठेवा. डबिंगमध्ये एकावर एक चढलेले आवाज, धापा, मध्येच फुटलेलं हसू हे सगळं धुऊन निघतं आणि शो निम्मा मरतो. तिथे साधं 'इंग्लिश' आणि 'इंग्लिश सीसी' असे दोन पर्याय दिसले तर मूळ आवाजासोबत साधं 'इंग्लिश' घ्या. सीसीवालं बहुतेक वेळा डबिंगच्या वाक्यांशी जुळवलेलं असतं. राकुटेन विकी या अ‍ॅपवर सबटायटल मुख्यतः चाहत्यांच्या स्वयंसेवी टीम करतात. त्यांचा वेग कमी असतो, पण जामाक आणि नात्यांचे शब्द ते सहसा सोडत नाहीत. माझं झुकतं माप तिकडे आहे.

'तू' की 'तुम्ही': इथे आपण पुढे आहोत

कोरियन बोलण्यात वय हा पाया आहे. आपल्यापेक्षा मोठ्याशी बोलताना क्रियापदाचं रूपच बदलतं. आदराच्या बोलण्याला 'जोंदेनमाल' आणि सलगीच्या बोलण्याला 'बानमाल' म्हणतात. इंग्रजीत दोन्हीकडे 'यू'. आपल्याला मात्र हे कुणी शिकवावं लागत नाही. नव्या ऑफिसात सिनियरला 'तुम्ही' म्हणायचं की 'तू' यावर आपण आठवडाभर अडखळतो, दोन्ही टाळून वाक्यं फिरवतो. अगदी तोच अवघडलेपणा या शोमध्ये विनोदाचा कच्चा माल आहे.

'नोइंग ब्रोज' हा जेटीबीसी वाहिनीचा शो तर यावरच उभा आहे. २०१५ पासून चालू आहे, नेटफ्लिक्सवर तो 'मेन ऑन अ मिशन' या नावाने दिसायचा. शाळेचा वर्ग, सगळे गणवेशात, आणि नियम असा की वय काहीही असो, वर्गात सगळे एकमेकांशी बानमालमध्ये बोलणार. कांग हो-दोंग हा १९७० साली जन्मलेला, कोरियन कुस्तीत गाजलेला धिप्पाड माणूस. त्याच्यासमोर विशीतली एखादी पॉप गायिका येते आणि 'ए हो-दोंग, तुझं काय चाललंय?' असं विचारते. इंग्रजी सबटायटलमध्ये हे फक्त 'हाय हो-दोंग' होतं आणि गंमत हवेत विरते. तुम्ही ते वाचताना मनातल्या मनात अरे-तुरे लावलंत की तिचा थरथरता आवाज आणि त्याचा पडलेला चेहरा, दोन्ही कळतात.

नात्यांचे शब्द पाच-सहाच आहेत. मुलगा मोठ्या मुलाला 'ह्योंग' म्हणतो, मोठ्या मुलीला 'नूना'. मुलगी मोठ्या मुलाला 'ओप्पा' म्हणते, मोठ्या मुलीला 'ऑन्नी'. सगळ्यात लहान तो 'माकने', आपलं शेंडेफळ. बोलणारा कोण आहे यावर शब्द बदलतो याचं इंग्रजी प्रेक्षकाला नवल वाटतं. दीर, नणंद, जाऊ, मेहुणा असा गोतावळा तोंडपाठ असलेल्यांना काय त्याचं! वडिलांना ते 'आप्पा' म्हणतात, हे ऐकून माझी आजी पहिल्यांदा टीव्हीकडे वळली होती. वाक्यरचनाही ओळखीची आहे, क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे महिनाभरात कानाला वाक्याचा शेवट पकडता यायला लागतो आणि शेवटाला 'यो' लागला की आदराने बोलणं चाललंय, एवढं तरी सबटायटल न बघता समजतं.

एक छोटी गोष्ट: जुन्या भागांत लोक स्वतःचं वय एक-दोन वर्षांनी जास्त सांगतात. कोरियात पूर्वी जन्मतःच एक वर्ष धरायचे आणि दर नवीन वर्षाला एक वाढवायचे. जून २०२३ पासून कायदेशीर कामांसाठी आपल्यासारखंच वय मोजतात.

मग पहिला शो कोणता?

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात, कारण यादीत पहिला येणारा शो हा बहुधा सगळ्यात जुना आणि सगळ्यात प्रसिद्ध असतो. 'रनिंग मॅन' चांगलाच आहे. पण तो दहा वर्षांपेक्षा जास्त काळ साचलेल्या थट्टांवर चालतो. ली क्वांग-सूला जिराफ का म्हणतात, तो दगा देणार हे सगळ्यांना आधीच का माहीत असतं, किम जाँग-कूक नुसता दाराशी उभा राहिला तरी बाकीचे का गोठतात, हे माहीत नसेल तर नुसती पळापळ दिसते. आणि पहिल्या भागापासून सुरू करायचं म्हटलं तर सुरुवातीचे काही महिने तो शो स्वतःच आपली चाल शोधत होता. शिवाय प्रत्येक भाग तासा-दीड तासाचा.

म्हणून मी नवख्या माणसाला तीनपैकी एका दारातून आत नेते, तो काय बघत आलाय त्यावरून.

स्पर्धा आवडत असेल तर नेटफ्लिक्सचे नवे शो. त्यात जुनं काहीच माहीत असावं लागत नाही. 'फिजिकल: १००' जानेवारी २०२३ मध्ये आला. शंभर खेळाडू, पैलवान, सैनिक, जिममधली मंडळी. प्रत्येकाच्या धडाचा पांढरा साचा मांडून ठेवलेला आणि हरलेल्याने आपला साचा स्वतः फोडायचा. बक्षीस ३० कोटी वोन. कबड्डी-कुस्ती बघणाऱ्या घरात हा शो वडिलांसकट बघितला जातो. 'कलिनरी क्लास वॉर्स' सप्टेंबर २०२४ चा. ८० कमी नावाजलेले शेफ 'काळा चमचा', २० नामवंत शेफ 'पांढरा चमचा', आणि एका फेरीत परीक्षकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना घास भरवला जातो. कुणाचा पदार्थ आहे हे माहीत नसताना नाव आणि चव यांची जी फारकत होते, ती बघण्यासारखी आहे. डोकं चालवायचं असेल तर 'द डेव्हिल्स प्लॅन'. पहिल्या सीझनमध्ये बारा जण, सात दिवस, पटावरचे खेळ, युती आणि फसवणूक. मात्र हे शो व्हरायटीची एकच फांदी आहेत. यावर थांबलात तर टोळीची मजा राहून जाईल.

के-पॉप ऐकणाऱ्यांचं काम सोपं. तुमच्या ग्रुपचा स्वतःचा शो बहुधा असतोच. 'रन बीटीएस' २०१५ मध्ये व्ही लाइव्ह अ‍ॅपवर सुरू झाला. ते अ‍ॅप २०२२ च्या अखेरीस बंद पडलं, भाग आता यूट्यूबवर मिळतात. 'गोइंग सेव्हन्टीन' तर त्या ग्रुपचे चाहते नसलेलेही बघतात, आणि रास्त आहे. माणसं आधीच ओळखीची असल्यामुळे सात-आठ चेहऱ्यांचा गोंधळ होत नाही, भागही लहान असतात. इथून पुढे ना पीडीचा 'गेम केटरर्स' घ्या. तो खेळांचं सामान घेऊन थेट के-पॉप कंपनीच्या दारात जातो आणि एकाच मैदानात चार-पाच ग्रुप आणून बसवतो.

तिसरं दार मला सगळ्यात आवडतं: 'अर्थ आर्केड', २०२२. ना पीडीचाच शो, पहिला सीझन थायलंडचा. विनोदी कलाकार ली उन-जी, ओ माय गर्लची मिमी, रॅपर ली यंग-जी आणि आइव्हची आन यू-जिन अशा चौघी. पृथ्वीवर पळून आलेला एक ससा पकडायचा, अशी कथा नावापुरती. महत्त्वाचं हे की या चौघींची टोळी पहिल्या भागात नव्यानेच जमते. कोण मोठी, कोण धाकटी, कुणाला काय म्हणायचं, हे सगळं तुमच्यासमोर ठरतं. आदल्या दहा वर्षांचा अभ्यास लागत नाही. आणि वर्षानुवर्षं कलाकारांना छळत आलेला ना पीडी इथे चौघींच्या उत्साहापुढे दमून खुर्चीत बसलेला दिसतो. पहिले दोन भाग बघा. नाही रुचलं तर हा प्रकार तुमचा नाही म्हणायला हरकत नाही.

दमलेल्या माणसासाठी आणखी एक, 'थ्री मील्स अ डे'. काहीच घडत नाही. दोन-तीन नट खेड्यात राहतात, चूल पेटवतात, भाजी खुडतात, रात्री काय करायचं यावर वाद घालतात. मांजे बेटावरच्या सीझनमध्ये चा सुंग-वन हा उंचापुरा अ‍ॅक्शन हिरो ज्या सफाईने किमची घालतो आणि हाताने बांधलेल्या भट्टीत पाव भाजतो, ते बघून आईने माझ्याकडे सूचक नजरेने पाहिलं होतं.

खेळ ओळखून ठेवा

तेच दहा-बारा खेळ सगळीकडे फिरतात. एकदा कळले की प्रत्येक शोमध्ये वेळ वाचतो. 'काउई-बाउई-बो' म्हणजे दगड-कागद-कात्री, सगळे निर्णय यावर. '३-६-९' मध्ये क्रमाने आकडे म्हणायचे आणि ज्यात ३, ६ किंवा ९ येईल तिथे बोलायचं नाही, टाळी वाजवायची. कानांवर मोठ्याने गाणं वाजणारे हेडफोन लावून समोरच्याच्या ओठांवरून शब्द ओळखायचा खेळ तर भाषा न कळताही हसवतो.

'बास्किन रॉबिन्स ३१' मध्ये एकाने एका वेळी एक ते तीन आकडे म्हणायचे, ज्याच्यावर ३१ येईल तो हरला. दोघांतच खेळत असाल तर पहिल्यांदा तुम्ही '१, २' म्हणा आणि नंतर दर वेळी ६, १०, १४, १८, २२, २६, ३० वर थांबा. समोरच्याने एक म्हटला तर तुम्ही तीन, त्याने दोन म्हटले तर तुम्ही दोन. तो कधीच जिंकू शकत नाही. हॉस्टेलवाल्यांनी याचा उपयोग जबाबदारीने करावा. तीन किंवा जास्त माणसं आली की हे गणित कोलमडतं, आणि शोमध्ये मुद्दाम तेवढीच माणसं असतात.

'साम्हेंगशी' या खेळात तीन अक्षरी नावाच्या प्रत्येक अक्षराने एकेक ओळ सुरू करून कविता रचायची, तीही जागच्या जागी. कोरियन लिपीत एक ठोकळा म्हणजे एक पूर्ण अक्षर, जसं आपलं 'स-मी-र'. रोमन लिपीत हा खेळ बसतच नाही, त्यामुळे इंग्रजी सबटायटल इथे हात टेकतं. तुम्ही मात्र घरी मराठीत लगेच खेळू शकता.

हरलेल्याला शिक्षा असते, तिला 'बोल्चिक' म्हणतात. '२ डेज १ नाइट'ची सगळ्यात गाजलेली शिक्षा म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या काळ्या कॉफीच्या ग्लासांमध्ये एकात मासळीचा खारट अर्क. ग्लास उचलणाऱ्याचा चेहरा बघायला कुठलीच भाषा लागत नाही.

हे सगळं खरं असतं का?

पूर्ण खरंही नाही, पूर्ण खोटंही नाही. प्रत्येक शोला लेखकांची टीम असते. खेळ, क्रम, पाहुणा कधी येणार हे लिहिलेलं असतं. कोण कसा फसेल ते लिहिलेलं नसतं. डझनभर कॅमेऱ्यांचं तासन् तासांचं चित्रीकरण कापून तासाभराचा भाग बनतो, तेव्हा कात्री कुठे चालवायची यात भरपूर सत्ता आहे. कोरियात यालाच शब्द आहे, 'सैतानाचं एडिटिंग': कुणाची तरी थंड नजर दुसऱ्याच क्षणाची उचलून इथे चिकटवायची. मित्रांच्या टोळीच्या शोमध्ये याने फार बिघडत नाही. जिथे प्रेक्षक मत देतात त्या सर्व्हायव्हल शोमध्ये बिघडतं.

२०१९ मध्ये 'प्रोड्यूस एक्स १०१' या मुलांचा ग्रुप निवडणाऱ्या शोचा निकाल लागला. पैसे मोजून मत दिलेल्या चाहत्यांनी आकडे तपासले, तर वेगवेगळ्या क्रमांकांच्या एकापेक्षा जास्त जोड्यांमधला फरक तंतोतंत २९,९७८ मतांचा निघाला. लाखो मतांत असं एकदा होणंही अवघड. पोलीस तपास झाला, मतांची फेरफार सिद्ध झाली आणि पीडीला तुरुंगवास झाला. त्या शोमधून बनलेला ग्रुप काही महिन्यांतच मोडला. मुलांचा दोष नसताना त्यांची वर्षं गेली. म्हणून मतदानाच्या शोमध्ये पैसे घालण्याआधी दहा वेळा विचार करा.

आणखी एक इशारा: दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या भागांत दिसण्यावरून, वजनावरून मारलेले टोमणे बरेच आहेत. मला ते आज खटकतात आणि मी ते सरळ पुढे ढकलते. टॅटू, दुकानांच्या पाट्या धूसर केलेल्या दिसतील, ती तुमच्या फोनची गडबड नाही. प्रसारणाचे नियम आणि वाहिन्यांची सवय. आणि धूसर न केलेली एखादी वस्तू सगळे अचानक प्रेमाने वापरू लागले, की समजा ती जाहिरात आहे.

डेटा आणि अ‍ॅप

एक भाग दीड तासाचा आणि रोजचा पॅक दीड-दोन जीबीचा, तेव्हा हिशोब लागतो. नेटफ्लिक्सच्या मोबाइल सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिक'वर १ जीबीत साधारण ४ तास, 'सेव्ह डेटा'वर साधारण ६ तास बघून होतात. 'मॅक्सिमम'वर तोच जीबी वीसेक मिनिटांतही उडू शकतो. व्हरायटी शोला 'सेव्ह डेटा' पुरतो, आणि त्यामागे कारण वर सांगितलेलंच आहे: वेगळ्या फाइलचं सबटायटल तुमचा फोन स्वतः रंगवतो, त्यामुळे चित्र कितीही फुसकं झालं तरी ती अक्षरं ठसठशीत राहतात. याउलट इंग्रजी अक्षरं चित्रातच भाजलेली असतील, तर २४० पिक्सेलवर ती वाचताच येणार नाहीत. तिथे ४८० ठेवा.

शो सापडत नसेल तर नाव बदलून शोधा, कारण एकाच शोची दोन-तीन इंग्रजी नावं असतात. वाहिन्यांची अधिकृत यूट्यूब चॅनलं आणि 'केबीएस वर्ल्ड' आधी बघा. टिकचं चिन्ह आणि सदस्यसंख्या बघून खरं चॅनल ओळखता येतं. काही भाग भारतात दिसत नाहीत, ते हक्कांमुळे. त्यासाठी टेलिग्रामवर फिरणारी 'सगळे शो फुकट' छापाची एपीके फाइल मात्र घेऊ नका. असं अ‍ॅप एसएमएस वाचायची किंवा 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागत असेल, तर त्याला तुमचा ओटीपी हवाय. व्हिडिओ दाखवायला यातलं काहीच लागत नाही.

'अर्थ आर्केड' किंवा तुमच्या ग्रुपचा शो पचला की मग 'रनिंग मॅन'कडे या, तेही क्रमाने नाही. तुमच्या आवडत्या नटाचं नाव आणि शोचं नाव एकत्र शोधा, तो पाहुणा असलेला भाग लावा. टोळीचे स्वभाव पाच-सहा भागांत लक्षात येतात. 'इन्फिनिट चॅलेंज' शेवटी ठेवा. त्यातले संदर्भ कोरियन बातम्यांत, गाण्यांत, जुन्या मालिकांत खोलवर रुतलेले आहेत आणि चांगली सबटायटल मिळणंही कठीण. पण दर दोन वर्षांनी होणारे त्याचे गाण्यांचे महोत्सव, २००७ पासून २०१५ पर्यंतचे, अधल्यामधल्या वेळी शोधून ऐकायला हरकत नाही. विनोदी कलाकार आणि नावाजलेले संगीतकार जोड्या लावून नवी गाणी बनवतात. ती गाणी ऐकायला सबटायटल लागत नाही.